कंट्रोल पॅनेल बनवायला शिकताय? आधी जागा बघा, मग पत्रा ठरवा

आयटीआय किंवा डिप्लोमा करून साकीनाका, मरोळ, वागळे इस्टेट, रबाळे किंवा वसईच्या एखाद्या पॅनेल वर्कशॉपमध्ये नुकतेच लागलेल्यांसाठी हे लिहितोय. पहिल्या दिवशी हातात क्रिम्पिंग टूल येतं आणि समोर अर्धवट भरलेली पेटी असते. नजर जाते ती आतल्या सामानावर: कॉन्टॅक्टर (कॉइलच्या ओढीने मोटर चालू-बंद करणारा स्विच), रिले (कंट्रोलसाठीचा तसाच छोटा स्विच), पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र). पेटीकडे कोणी बघत नाही, कारण ती फॅब्रिकेटरकडून तयार होऊन येते. मुंबईत मात्र पॅनेल किती वर्षं चालणार हे बहुतेक वेळा त्या पेटीवरच ठरतं.

हे मला एका बर्फाच्या कारखान्याने शिकवलं. बंदरालगतचं काम होतं. आम्ही चांगल्या पत्र्याची, नीट पावडर कोटिंग केलेली पेटी दिली. आतली वायरिंग बघून मालक खूश झाले. दुसऱ्या पावसाळ्यात फोन आला की कॉन्टॅक्टर रात्रभर गुणगुणतो आणि मोटर मध्येच बंद पडते. जाऊन दार उघडायला गेलो तर बिजागरीची पिन गंजून अडकलेली. केबलसाठी साइटवर एक जादा भोक पाडलं होतं, त्या भोकाच्या कडेपासून गंज रंगाखालून बोटभर सरकला होता. कॉन्टॅक्टर खोलला, तर लोहचुंबकाच्या दोन्ही तोंडांचे पृष्ठभाग गंजलेले. ते घट्ट बसत नव्हते म्हणून तो गुणगुणत होता. तांब्याच्या टोकांवर निळसर-हिरवा थर होता. बर्फाच्या कारखान्यात थंडावा अमोनियाने करतात, आणि दमट हवेत अमोनिया तांबं-पितळ खातो. पेटीच्या भोवतीच्या हवेत काय आहे, हे ऑर्डर घेताना आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. ते पॅनेल शेवटी वेगळ्या बंद खोलीत हलवावं लागलं.

म्हणून इथे क्रम उलटा आहे. आधी जागा, मग पत्रा आणि त्यानंतर वायर. समजायला सोपं जावं म्हणून एकच काम शेवटपर्यंत धरतो: माहीमच्या बाजूला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत असलेल्या सात मजली सोसायटीच्या पाण्याच्या पंपांचं पॅनेल. पाच हॉर्सपॉवरचे दोन पंप, जिन्याखाली जागा, पालिकेचं पाणी ठरावीक वेळेला येणारं. खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवायचं, एवढंच काम. पण यात शिकायचं जवळपास सगळं येतं.

पॅनेल नेमकं करतं काय

कंट्रोल पॅनेलमध्ये दोन सर्किट एकत्र नांदतात. पॉवर सर्किट मोटरपर्यंत खरा करंट नेतं: मेन स्विच किंवा एमसीसीबी (मोठा ब्रेकर), मग कॉन्टॅक्टर, मग ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा), मग मोटर. कंट्रोल सर्किट त्या कॉन्टॅक्टरला कधी ओढायचं आणि कधी सोडायचं ते ठरवतं. बटणं, टायमर, फ्लोट स्विच (टाकीतल्या पाण्याची पातळी ओळखणारा), पीएलसी हे सगळे कंट्रोल सर्किटमधले. नवशिक्यांचा गोंधळ होतो तो दोन्ही एकाच ड्रॉइंगमध्ये डोळ्यांसमोर ठेवल्यामुळे. सुरुवातीला दोन वेगळ्या कागदांवर काढा.

पंपाचं सर्वांत साधं कंट्रोल सर्किट हाताने काढून बघा. फेजमधून स्टॉप बटण, पुढे स्टार्ट बटण, पुढे कॉन्टॅक्टरची कॉइल, मग न्यूट्रल. स्टार्ट दाबलं की कॉइल ओढते. बोट काढलं तरी ती ओढलेली राहावी म्हणून कॉन्टॅक्टरचाच एक जादा कॉन्टॅक्ट स्टार्ट बटणाला समांतर जोडायचा. याला होल्डिंग म्हणतात. वीज गेली की कॉइल सुटते, आणि वीज परत आली तरी कोणी बटण दाबेपर्यंत पंप आपोआप सुरू होत नाही. स्टॉप बटण नेहमी बंद राहणाऱ्या कॉन्टॅक्टचंच घ्यायचं, दाबल्यावर उघडणारं. कारण त्याची वायर तुटली तर मोटर थांबली पाहिजे. उलट प्रकारचं बटण लावलं आणि वायर तुटली, तर मोटर चालूच राहील आणि स्टॉप दाबून काही होणार नाही. हा एक मुद्दा डोक्यात पक्का बसला की सुरक्षिततेची बाकीची सर्किटं समजायला वेळ लागत नाही.

याच पायावर बाकीची पॅनेल उभी असतात. कारखान्यात एका जागेवरून अनेक मोटरी सांभाळणारं एमसीसी, ट्रान्सफॉर्मरकडून आलेली वीज वाटणारं पीसीसी, वीज गेली की जनरेटर सुरू करून लोड त्याच्यावर टाकणारं एएमएफ, कपॅसिटर आपोआप जोडून पॉवर फॅक्टर सांभाळणारं एपीएफसी. लिफ्टचं पॅनेल, सांडपाणी प्रकल्पाचं, आगीच्या पंपाचं. आगीच्या पंपाचं पॅनेल मात्र वेगळ्या विचाराचं असतं. इतर ठिकाणी मोटर जळू नये ही काळजी, तिथे आग विझेपर्यंत पंप चालत राहावा ही काळजी, त्यामुळे त्याचं संरक्षण सेट करताना नवख्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही.

जागेवर जा, टेप आणि टॉर्च घेऊन

ड्रॉइंग हातात येण्याआधी जमलं तर साइट बघून या. वर्कशॉपमध्ये नवीन असलात तरी सीनियरांना विचारा, ‘सर, मी येऊ का सोबत?’ बहुतेक जण नेतात.

माहीमच्या त्या जिन्याखाली काय बघायचं? भिंतीला ओल कुठपर्यंत चढली आहे. पावसात पाणी कुठपर्यंत साचतं. हे वॉचमनकाकांना विचारा, सेक्रेटरींपेक्षा त्यांना नेमकं ठाऊक असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा शहरभर तळमजल्यावरच्या मीटर रूम आणि पंप रूम पाण्याखाली गेल्या. जुन्या इमारतींमध्ये त्या पाण्याची खूण अजून कोणी ना कोणी भिंतीवर दाखवतं. पेटीचा तळ त्या खुणेच्या चांगला वर राहील अशी सोय करा. तशी जागा नसेल तर पॅनेल पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या वळणावर घ्यायचं आणि खाली फक्त पंप ठेवायचे, हे ग्राहकाला तेव्हाच सांगा.

मग समोरची मोकळी जागा मोजा. स्विचबोर्डसमोर किमान एक मीटर जागा मोकळी असावी असा विजेच्या सुरक्षेचा नियम आहे. सायकली, कुंड्या आणि जुना सोफा असलेल्या जिन्याखाली हे एक मीटर मिळवणं हेच निम्मं काम असतं. दार पूर्ण उघडतं का तेही बघा. वरून पाइप जातोय का? त्याच्या जॉइंटमधून थेंब पडतोय का? केबल कुठून येणार, वरून की खालून? शक्यतो खालूनच घ्या. वरून आलेल्या केबलच्या अंगावरून पाणी सरळ ग्लँडपर्यंत, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथल्या आवळणीपर्यंत, उतरतं.

आणि हवा. समुद्राच्या बाजूने वारा लागतो का, शेजारी मासे सुकवण्याची, डाइंगची किंवा केमिकलची जागा आहे का, उन्हात राहणार की सावलीत. या तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहिल्याशिवाय पत्र्याबद्दल बोलायचं नाही.

आता पत्रा, आणि पत्रा नसलेली पेटी

आपल्याकडच्या बहुतेक पेट्या सीआरसीए पत्र्याच्या असतात, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेला आणि मऊ केलेला पोलादी पत्रा. तो गुळगुळीत असतो, वाकवल्यावर तडकत नाही आणि रंग छान धरतो. गरम लाटलेल्या पत्र्यावर खपली असते, ती पूर्ण न काढता रंगवलं तर खपलीसकट रंग उडतो. वर्कशॉपमध्ये जाडी अजून गेजमध्ये बोलतात: १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १४ गेज म्हणजे साधारण २. लहान पेटीला १६ गेज पुरतो. मोठ्या दाराला आणि सामान बसवायच्या माउंटिंग प्लेटला १४ किंवा त्याहून जाड लागतो. प्लेट पातळ असली की जड कॉन्टॅक्टर ओढताना ती थरथरते आणि स्क्रू हळूहळू ढिले पडतात. वजनाचा अंदाज घ्यायला एक आकडा लक्षात ठेवा: २ मिलिमीटर पोलादी पत्र्याचा एक चौरस मीटर १५.७ किलोचा असतो. भिंतीला कुठले बोल्ट लावायचे, किती माणसं न्यायची, हे त्यावरून कळतं.

पत्रा कितीही चांगला असला तरी त्याचं आयुष्य रंगाखालच्या तयारीवर असतं. चांगला फॅब्रिकेटर सात टाक्यांची प्रक्रिया करतो. तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग, पॅसिव्हेशन आणि मधल्या धुण्या मिळून सात. फॉस्फेटचा थर रंगाला पकड देतो. मग पावडर फवारून भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात. थर ६० ते ८० मायक्रॉन असावा. पेटी आली की जाडी मोजायच्या मीटरने दाराच्या मध्यभागी मोजून थांबू नका, कडांना आणि आतल्या कोपऱ्यांत मोजा. पावडर तिथे नीट पोचत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. पावडर कुठली हेही विचारा. नुसती इपॉक्सी उन्हात खडूसारखी भुरभुरते, म्हणून बाहेर ठेवायच्या पेटीला पॉलिएस्टर पावडर. रंगाचे नंबर कानावर पडतील, ७०३५ आणि ७०३२. दोन्ही राखाडीच, पण शेजारी ठेवल्यावर वेगळे दिसतात. जुन्या पॅनेलला जोडून नवीन देत असाल तर आधी नंबर पक्का करा. आतली माउंटिंग प्लेट आपल्याकडे बहुतेक केशरी असते, किंवा नुसती गॅल्व्हनाइज्ड. व्हीएफडी असेल तर मला गॅल्व्हनाइज्डच आवडते, कारण रंग खरवडण्याची भानगड न करता अर्थिंगचा चांगला संपर्क मिळतो.

समुद्राजवळ स्टेनलेस स्टील घ्या असं सगळे सांगतात, पण कुठलं ते सांगत नाहीत. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. दुधाच्या, औषधाच्या किंवा खाण्याच्या पदार्थांच्या कारखान्यात, जिथे पेटी रोज धुतात, तिथे ते उत्तम. पण खाऱ्या वाऱ्यात ३०४ वर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग येतात आणि ग्राहक म्हणतो, ‘हे कसलं स्टेनलेस?’ ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला तोंड देतं. अगदी धक्क्यावर किंवा किनाऱ्याला लागून काम असेल तर ३१६ मागा आणि मालासोबत टेस्ट सर्टिफिकेटही मागा, नुसतं बघून दोन्हींत फरक कळत नाही. स्टेनलेसवर काम करताना साध्या लोखंडावर वापरलेला ग्राइंडिंगचा चाक किंवा तारेचा ब्रश लावू नका. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि आठवड्याभरात तांबूस ठिपके उमटतात. त्यासाठी वेगळं हत्यार ठेवा, त्यावर रंगाची खूण करा.

ॲल्युमिनियम पोलादाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचं वजन घेतं. मशीनच्या हातावर लटकणाऱ्या छोट्या ऑपरेटर पॅनेलला ते बरं पडतं. मिठाच्या हवेत त्यालाही खळगे पडतात, आणि त्यात लोखंडी स्क्रू मारले तर दोन धातूंच्या जोडीवर झीज आणखी लवकर होते.

मग फायबरची, म्हणजे एफआरपी किंवा एसएमसीची पेटी. रस्त्यावरच्या फीडर पिलरमध्ये तुम्ही ती रोज बघता. गंज हा प्रश्नच उरत नाही, वजन कमी, आणि पेटीला हात लागला तरी शॉक बसण्याची भीती नाही. लहान कामाला पॉलिकार्बोनेटची पारदर्शक झाकणाची पेटीही चांगली, आदळली तरी सहज फुटत नाही. साधी एबीएसची पेटी मात्र उन्हात पिवळी पडून ठिसूळ होते, ती आतच ठेवा. प्लास्टिक-फायबरच्या पेटीत दोन गोष्टी विसरू नका. पेटी स्वतः अर्थ होत नाही, म्हणून आतली प्रत्येक धातूची प्लेट आणि धातूचा ग्लँड वेगळ्या वायरने अर्थला जोडावा लागतो. शिवाय व्हीएफडीचा विद्युत गोंगाट पत्र्यासारखा अडवला जात नाही.

माहीमच्या कामाला आम्ही काय घेतलं असतं? जिन्याखाली सावली आहे, पाऊस थेट लागत नाही, पण ओल आणि खारी हवा आहे. ३१६ चा खर्च सोसायटीला जड जातो आणि इथे त्याची गरजही नाही. माझी निवड एफआरपीची पेटी. सोसायटीने पत्र्याचाच हट्ट धरला, तर १६ गेजची नीट फॉस्फेट केलेली पेटी, बिजागऱ्या, कुलूप आणि बाहेरचे सगळे स्क्रू स्टेनलेसचे. पेटी महाग आणि स्क्रू स्वस्त ही चूक इतक्या ठिकाणी बघितली आहे की सांगवत नाही. दारावरून खाली ओघळलेली गंजाची रेघ जवळजवळ नेहमी स्क्रूच्या डोक्यापासून निघालेली असते.

आयपीचा आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

पेटीवर आयपी ५४, ५५, ६५ असं लिहिलेलं असतं. धूळ आणि पाणी पेटी किती अडवते, त्याचा हा आकडा. पहिला अंक धूळ आणि बाहेरच्या वस्तूंचा, सहापर्यंत जातो. दुसरा पाण्याचा. ५४ म्हणजे त्रासदायक ठरेल इतकी धूळ आत जात नाही आणि कुठूनही शिंतोडे आले तरी चालतं. ५५ ला पाण्याचा फवारा चालतो. ६५ ला धूळ अजिबात आत जात नाही. कोरड्या स्विच रूममध्ये आयपी ४२ सुद्धा पुरतो.

हा आकडा गंजाबद्दल काहीच बोलत नाही, उन्हाबद्दलही नाही. आणि तो कारखान्यातून निघालेल्या पेटीचा असतो, तुम्ही भोकं पाडलेल्या पेटीचा नाही. आयपी ६५ च्या पेटीत एक रिकामं भोक उघडं राहिलं की तो आकडा गेला. ग्लँड केबलच्या जाडीचाच हवा. मोठ्या ग्लँडमध्ये बारीक केबल घालून टेप गुंडाळणं बंद करा. दाराच्या गॅस्केटची पट्टी चिकटवलेली असेल तर तिचा जोड वरच्या बाजूला येऊ देऊ नका, खाली ठेवा. कोपऱ्यात ती ताणून बसवली की काही महिन्यांत आखडते आणि तिथे फट पडते. जागेवरच ओतलेलं पीयू फोमचं गॅस्केट मिळालं तर जोडाचा प्रश्नच संपतो.

घट्ट बंद पेटीचा एक तोटा असतो, तो मुंबईत लवकर कळतो. दिवसा आतली हवा तापते, रात्री थंड होते, आणि आत शिरलेली दमट हवा पत्र्यावर घाम होऊन बसते. पावसाळ्यात सकाळी दार उघडलं की आतून थेंब दिसतात, बाहेर पाऊस नसला तरी. यावर उपाय म्हणजे थर्मोस्टॅट लावलेला छोटा स्पेस हीटर. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा थोडंसं वर राहिलं की घाम धरत नाही. पंप बंद असतानाही हीटर चालला पाहिजे, म्हणून त्याची वीज मेन स्विचच्या आधीच्या बाजूने वेगळ्या एमसीबीवरून (छोट्या ब्रेकरवरून) घेतात. तसं असेल तर दारावर ठळक लिहा: ‘मेन बंद असतानाही हीटरमध्ये वीज असते’.

भोकं पाडणं आणि मांडणी

दारावरची बटणं आणि दिवे बहुतेक २२ मिलिमीटरचे. भोक २२.५ चं पाडतात. मीटरचं तोंड ९६ बाय ९६ असतं, पण खिडकी कापायची ९२ बाय ९२. दरवर्षी कुठला तरी नवा मुलगा ९६ ची खिडकी कापतो, मीटर आरपार जातो आणि दार वाया जातं. सामानासोबत आलेल्या कागदावर कटआउटचं माप वेगळं दिलेलं असतं, तेच घ्या.

कापणं, भोकं, घासणं हे सगळं सामान बसवण्याआधी उरका. नंतर ड्रिल चालवलं तर लोखंडाचा कीस कॉन्टॅक्टरमध्ये आणि पीएलसीच्या फटींतून आत जातो. साइटवर भोक पाडावंच लागलं तर सामान कापडाने झाका, कीस ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा, हवा मारून उडवू नका. भोकाच्या कापलेल्या कडेला लगेच झिंक प्रायमर लावा. बर्फाच्या कारखान्यातला तो बोटभर गंज एवढ्या दोन मिनिटांच्या कामाअभावी आला होता.

प्लेटवर येणारी वीज वरून, तापणारं सामान वरच्या भागात, नाजूक इलेक्ट्रॉनिक्स त्याच्या खाली, बाहेर जाणारे टर्मिनल तळाशी. गरम हवा वर जाते, म्हणून व्हीएफडीच्या डोक्यावर पीएलसी बसवू नका. डक्ट (वायर ठेवायची प्लास्टिकची पन्हळ) आणि सामानामध्ये बोटं जातील एवढी जागा सोडा, नाहीतर पुढच्या माणसाला एक वायर बदलायला तीन काढाव्या लागतात. सामान अडकवायची रेल (पट्टी) थोडी रिकामी ठेवा. सोसायटी सहा महिन्यांनी तिसरा पंप सांगते, हे गृहीत धरून चाला.

सामान घेण्यासाठी मुंबईत लोहार चाळ आहेच. क्रॉफर्ड मार्केटच्या जवळच्या त्या गल्ल्यांत एमसीबीपासून बसबारपर्यंत (जास्त करंट नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या) सगळं मिळतं. सेन्सर, छोटे रिले, इलेक्ट्रॉनिक बोर्ड यांच्यासाठी लॅमिंग्टन रोड. यादीत नुसतं ‘कॉन्टॅक्टर’ लिहून जाऊ नका. किती अँपिअर, कॉइल किती व्होल्टची, जादा कॉन्टॅक्ट किती, हे लिहा. पहिल्या खेपेला ४१५ व्होल्टची कॉइल आणून २३० वर लावली की कॉन्टॅक्टर ओढतच नाही आणि अर्धा दिवस चुका शोधण्यात जातो. पक्कं बिल घ्या. फारच स्वस्त मिळणाऱ्या ब्रेकरपासून लांब राहा, फॉल्टच्या क्षणी तो उघडला नाही तर तो स्वस्तपणा कोणाच्या तरी जिवावर येतो.

मोठ्या पॅनेलमध्ये बसबार लागतात, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे. त्याच करंटसाठी ॲल्युमिनियमची पट्टी जाड घ्यावी लागते. तांबं आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांवर आवळू नका, दमट हवेत जोड खराब होऊन तापतो. त्यासाठी बायमेटल वॉशर किंवा टिन केलेली पट्टी वापरतात. आपल्या पंपांच्या पॅनेलला बसबार लागत नाही.

वायरिंग, आणि एक वायर ओढून बघणं

वायर कापली, सोलली, फेरूल (नंबराची छोटी नळी) घातला, लग (टोकाला बसणारा धातूचा तुकडा) लावला, क्रिम्प केलं, म्हणजे टूलने दाबून पक्का केला. आता ती वायर एका हाताने धरा, दुसऱ्या हाताने लग पकडून जोरात ओढा. लग हातात आला तर तो आत्ताच आला हे बरं. मी शिकत होतो तेव्हा एक मिस्त्री प्रत्येक वायर अशी ओढून बघायचे, शंभर असल्या तरी शंभर. त्यांच्या हातून गेलेल्या पॅनेलमध्ये ढिला जोड सापडल्याचं मला आठवत नाही. ढिला जोड लगेच बंद पडत नाही. तो तापतो, काळा पडतो, इन्शुलेशन भाजतं आणि मग एक दिवस जळतो.

फेरूलवरचा नंबर ड्रॉइंगमधलाच, दोन्ही टोकांना सारखा, आणि वाचता येईल अशा बाजूला. कंट्रोल वायर एक किंवा दीड चौरस मिलिमीटर, सीटीची (करंट मोजायच्या ट्रान्सफॉर्मरची) अडीच. चालू लोडवर सीटीची दुय्यम बाजू कधीही उघडी सोडायची नाही, तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. दारावर विजेचं सामान असेल तर दार आणि पेटी यांना लवचीक अर्थ वायरने जोडा. बिजागरीवर भरवसा ठेवू नका.

दिव्यांच्या रंगाबद्दल इथे थांबतो, कारण नवीन माणूस हमखास गोंधळतो. मशीनच्या पॅनेलवर हिरवं बटण चालू करायला, लाल बंद करायला, आणि पिवळ्या पार्श्वभूमीवरचं लाल छत्रीचं बटण आणीबाणीसाठी. पण आपल्याकडच्या ब्रेकर पॅनेलवर ब्रेकर चालू असेल तर लाल दिवा आणि बंद असेल तर हिरवा, अशी जुनी रीत आहे. तिथे लाल म्हणजे ‘पुढे वीज आहे, सांभाळून’. म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका. ड्रॉइंगमध्ये जे ठरलंय ते लावा आणि खाली मराठीत पट्टी लावा: ‘पंप १ चालू’, ‘टाकी रिकामी’, ‘ओव्हरलोड’. रात्री दोन वाजता वॉचमनकाकांनाच ते वाचायचं असतं.

वीज देण्याआधी आणि दिल्यावर

आधी वीज न देता मल्टिमीटरने एकेक वायर ड्रॉइंगवर टिक करत तपासा. सगळे स्क्रू एकदा आवळून त्यावर मार्करची रेघ मारा, म्हणजे पुढे कोणता फिरला ते दिसेल. मग ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्शुलेशन तपासायच्या मीटरने, तपासा, पण त्याआधी फेज तपासणारे रिले, व्हीएफडी, एसएमपीएस (डीसी वीज देणारा पॉवर सप्लाय) वेगळे काढा, नाहीतर मेगर त्यांना मारतो. त्यानंतर मोटर न जोडता फक्त कंट्रोल सुरू करून बघा. फ्लोट वर केला, खाली केला, ओव्हरलोडचं टेस्ट बटण दाबलं, प्रत्येक वेळी कॉन्टॅक्टर सुटतो ना?

साइटवर येणारी लाइन जोडण्याचं काम परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरचं. शहर भागात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, मुलुंड-भांडुपकडे महावितरण, कुठेही असा, हा नियम बदलत नाही. आत हात घालण्याआधी मेन बंद, कुलूप, पाटी, आणि मग मल्टिमीटरने वीज नसल्याची खात्री. व्हीएफडी बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, त्याच्या पुस्तकात लिहिलेली मिनिटं थांबायचंच.

पाच हॉर्सपॉवरच्या मोटरचा पूर्ण लोडचा करंट साधारण सात ते साडेसात अँपिअर असतो, पण ओव्हरलोड सेट करायचा तो मोटरच्या पाटीवरच्या आकड्यावर. पंप वारंवार ट्रिप होतो म्हणून डायल वर ढकलणं म्हणजे मोटर जाळणं. आधी क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट बघा. मोठ्या मोटरच्या स्टार-डेल्टा पॅनेलमध्ये (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणाऱ्या) ओव्हरलोड मेन कॉन्टॅक्टरनंतर वाइंडिंगच्या फेजमध्ये बसला असेल तर पाटीवरच्या करंटच्या ५८ टक्क्यांवर सेट करतात. हे माहीत नसलं की मोटरला संरक्षणच राहत नाही.

पंप सुरू झाला पण पाणी वर जात नाही? आधी फिरण्याची दिशा बघा. बाहेर रस्त्यावर केबलचं काम झालं की दोन फेजची अदलाबदल होते आणि पंप उलटा फिरू लागतो. म्हणून फेजचा क्रम आणि एखादी फेज जाणं, दोन्ही ओळखणारा रिले पंपाच्या पॅनेलमध्ये असावा. खालची टाकी कोरडी असताना पंप चालू नये म्हणून तिथेही फ्लोट हवा. पालिकेचं पाणी एखाद्या दिवशी आलंच नाही तर हा फ्लोटच पंपाचं सील वाचवतो. दोन्ही पंप आलटूनपालटून चालतील अशी सोय करा, नाहीतर दुसरा पंप वर्षभर उभा राहून जाम होतो.

पॅनेल सोपवताना ड्रॉइंगची एक प्रत लॅमिनेट करून दाराच्या आतल्या खिशात ठेवा. साइटवर झालेले बदल त्याच प्रतीवर पेनाने केलेले असू द्यात. चावी कोणाकडे राहणार ते लिहून घ्या. महिन्याभराने एकदा जाऊन स्क्रू परत आवळा, तांबं सुरुवातीला थोडं बसतं. मग मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, गॅस्केट आणि हीटर बघा. आणि पहिला मोठा पाऊस पडून गेला की पुन्हा जा. दार उघडून आतल्या बाजूला, तळाच्या पट्टीवर बोट फिरवा. बोट कोरडं आलं, तर दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर तारीख लिहून सही करा. ओलं आलं, तर टॉर्च घेऊन आधी ग्लँड बघा, मग गॅस्केटचे कोपरे.